खासगी फोटो बाहेर आला, खोटं प्रोफाइल निघालं, धमकी आली: पुराव्यापासून एफआयआरपर्यंत

पोलीस ठाण्यात अशी प्रकरणं बहुतेक दोन जागी अडतात. एकतर घाबरून आधीच सगळं डिलीट केलेलं असतं, दाखवायला काही उरत नाही. नाहीतर अर्जात ‘माझी बदनामी केली’ एवढंच लिहिलेलं असतं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा, त्यामुळे ठाणे अंमलदार एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात देतो आणि विषय तिथेच थांबतो. खरं तर घडलेलं कृत्य दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट एफआयआर नोंदवावा लागतो अशा, कलमात बसणारं असतं, फक्त ते तसं लिहिलेलं नसतं.

पुढचा क्रम जिच्यावर वेळ आली आहे तिच्यासाठी आहे आणि तिच्यासोबत ठाण्यात जाणाऱ्या बहिणीसाठी, मैत्रिणीसाठीही. आधी पुरावा, मग मजकूर हटवणं, मग पोलीस. तिन्ही गोष्टी एका दिवसात होऊ शकतात, पण क्रम उलटा करू नका. आधी हटवलंत तर पोलिसांसमोर मेलेली लिंक उरते. फोटो झपाट्याने पसरत असेल तर दोघींनी काम वाटून घ्या: एक पुरावा घेत जाईल आणि जिचा पुरावा झाला ती लिंक दुसरी लगेच रिपोर्ट करेल. घरी येण्याची, अंगावर येण्याची धमकी असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ११२.

पुरावा कसा घ्यायचा

ब्लॉक करण्याची घाई नको. ब्लॉक केल्यावर समोरच्याचं प्रोफाइल, त्याचं युजरनेम, त्याने टाकलेल्या पोस्ट दिसेनाशा होतात आणि नेमक्या त्याच गोष्टी लागणार असतात. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करण्याचा आणि चॅट डिलीट करण्याचा पर्याय सोबतच येतो. तिथली खूण काढायची राहिली तर चॅट गेलं. टेलिग्रामवर तर समोरचा माणूस दोन्ही बाजूंचे मेसेज कधीही पुसू शकतो, म्हणून तिथे सर्वांत आधी हात घाला.

नुसता फोटोचा स्क्रीनशॉट अर्धाच पुरावा असतो. प्रत्येक गोष्टीसाठी हे मिळवा: पूर्ण लिंक, म्हणजे ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून एका फाइलमध्ये चिकटवलेला, युजरनेम, कारण वर ठळक दिसणारं नाव कोणीही कधीही बदलतं, तारीख आणि वेळ, आणि शक्य असेल तर कोणी लाइक केलं, कोणी पुढे पाठवलं ते. खोट्या प्रोफाइलच्या बाबतीत त्याच्या मुख्य पानाची लिंक आणि प्रत्येक पोस्टची लिंक वेगवेगळी घ्या. कंपन्या प्रत्येक पोस्टची लिंक स्वतंत्रपणे मागतात.

त्यानंतर एक स्क्रीन रेकॉर्डिंग करा: फोनचं घड्याळ दिसतंय, तुम्ही ॲप उघडता, प्रोफाइलवर जाता, युजरनेम दाखवता, मेसेज वर-खाली सरकवता. सलग, न थांबता, न कापता. सुट्या स्क्रीनशॉटबद्दल आरोपीचा वकील ‘हा बनवलेला आहे’ असं सहज म्हणू शकतो. सलग रेकॉर्डिंगबद्दल तसं म्हणणं अवघड जातं. एकदाच दिसणारे फोटो किंवा स्क्रीनशॉट घेऊ न देणारी चॅट असेल तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करा. ईमेल असेल तर त्याचं मूळ रूप, हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला या नोंदीसकट, डाउनलोड करून ठेवा. पाठवणाऱ्याचा माग काढायला मजकुरापेक्षा हेडर जास्त कामाला येतो.

या फाइल क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. मैत्रिणीला पाठवायच्या असतील तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि फाइलमधली मूळ माहिती निघून जाते. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, तो ड्राइव्ह दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका. सोबत एक साधी वही: तारीख, वेळ, कुठे, लिंक, काय घडलं, कोणी पाहिलं. महिन्यांनंतर जबाब देताना ही वही स्मरणशक्तीपेक्षा जास्त भरवशाची ठरते.

हे इतकं काटेकोर का? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा ‘अ’ भाग ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलवरून निघणारी आकडे-अक्षरांची एक ओळ; फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेतून आला: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही; प्रत दिली तर ते अनिवार्य आहे, असं त्यात ठरलं. तेव्हा ज्या फोनवर मेसेज आले तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

फोटोतली मुलगी १८ वर्षांखालची असेल तर वरचं बरंच काही लागू होत नाही. त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ नका, कोणालाही ‘बघ काय आलंय’ म्हणून पाठवू नका. असं चित्र बाळगणं, पाहणं, पुढे पाठवणं हाच पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब यांखाली गुन्हा ठरू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी ठामपणे सांगितलं. फक्त लिंक, युजरनेम आणि वेळ लिहून घ्या आणि थेट पोलिसांकडे जा. पोक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन आहे, घरच्यांवरही.

एक स्पष्ट ‘नाही’

कोणी सतत मेसेज करत असेल, नवनवीन अकाउंटवरून येत असेल, तर त्याला एकदाच लिहून कळवा: ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही. यापुढे कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका.’ शिवी नको, खुलासा नको, स्मायली तर नकोच. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, म्हणजे पाठलाग, लागण्यासाठी स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यानंतरही वारंवार संपर्क केलेला असावा लागतो. तो मेसेज म्हणजे तुमच्या बाजूने त्या कलमाची सुरुवात. मात्र याच कलमाचा दुसरा भाग, तुमच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर नजर ठेवणं, त्याला अशा नकाराची गरज नाही.

पैसे मागत असेल तर देऊ नका. एकदा दिले की तो आकडा वाढतो, कारण तुम्ही देता हे त्याला कळलेलं असतं. दिले गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. तासाभरात कळवलं तर रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता बरी असते, दुसऱ्या दिवशी ती चार खात्यांतून फिरून बाहेर पडलेली असते.

मजकूर हटवणं

ॲपमधलं ‘रिपोर्ट’ बटण दाबून थांबू नका. ते बहुतेक वेळा यंत्राकडे जातं, आणि यंत्राला नऊवारीतला फोटो आणि त्याखालचा गलिच्छ मराठी मजकूर यांचा संबंध लागत नाही. सोबत कंपनीच्या भारतासाठीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मधला नियम ३(२)(ब) इथे तुमचा आधार. खासगी अवयव दाखवणारा, नग्न किंवा अर्धनग्न, लैंगिक कृत्याचा, किंवा तुमचं रूप घेऊन बनवलेला मजकूर, मॉर्फ केलेलासुद्धा, तक्रार मिळाल्यावर काढण्यासाठी मूळ नियमात २४ तासांची मुदत होती आणि नंतर मुदती आणखी आवळल्या गेल्या. म्हणून तक्रारीत तासांचा आकडा न लिहिता नियमाचा क्रमांक लिहा. ही तक्रार तुमच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं, हे या नियमात स्पष्ट आहे. फोटोकडे पुन्हा पुन्हा पाहण्याची तुमची तयारी नसेल तर हे काम बहिणीवर सोपवा.

तक्रारीत चार ओळी पुरतात: मी या फोटोतली व्यक्ती आहे, हा मजकूर माझ्या संमतीविना टाकला आहे, तो नियम ३(२)(ब) खाली येतो, लिंक खालीलप्रमाणे. मग एकेका ओळीवर एकेक लिंक. शेवटी एवढं जोडा: ‘काढलेला मजकूर आणि संबंधित खात्याची माहिती तपासासाठी जतन करावी.’ नियमांनुसार काढलेला मजकूर आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी कंपनीने १८० दिवस ठेवायच्या असतात. पोलीस तपास रेंगाळला आणि ते दिवस उलटले तर नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो, आणि मग अकाउंट कोणाचं हे कळायचा रस्ताच बंद होतो. ही १८० दिवसांची मुदत स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ठाण्यात पाठपुरावा करताना तीच पुढे करा.

कंपनीने नकार दिला किंवा उत्तर अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. ही समिती २०२३ पासून आहे, तरी फार कमी लोक तिच्याकडे जातात.

फोटो अजून टाकलेला नाही, फक्त ‘टाकतो’ अशी धमकी आहे, अशा वेळी स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही सेवा कामाची आहे. तुमच्याकडे तो फोटो असेल तर तुमच्याच फोनवर त्याचं हॅश तयार होतं आणि फक्त ते हॅश सहभागी कंपन्यांकडे जातं. फोटो फोनबाहेर जात नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, रेडिट, स्नॅपचॅट अशा ठिकाणी तोच फोटो कोणी टाकू लागला की तो ओळखला जातो. मर्यादा दोन. फोटो बराच कापला किंवा बदलला तर हॅश जुळेलच असं नाही, आणि टेलिग्रामवरच्या, व्हॉट्सॲपवरच्या खासगी ग्रुपमध्ये याचा उपयोग नाही. १८ वर्षांखालच्या मुलींसाठी टेक इट डाउन ही वेगळी सेवा आहे.

गुगलवर नाव शोधलं की तो फोटो येतो, अशी स्थिती असेल तर गुगलच्या संमतीविना टाकलेल्या अश्लील चित्रांसाठीच्या फॉर्मवर अर्ज करा. त्याने शोधातले निकाल जातात. मूळ साइटवरचा फोटो तिथेच राहतो. परदेशातल्या ज्या साइट भारतीय नियमांना जुमानत नाहीत त्यांच्यासाठी कॉपीराइटचा उलटा रस्ता आहे. सेल्फी तुम्ही काढला असेल तर त्याचा कॉपीराइट तुमचा, आणि अशा अनेक साइट अमेरिकी कायद्याखालच्या कॉपीराइट नोटिशीला पटकन उत्तर देतात. फक्त नोटिशीतलं तुमचं नाव फोटो टाकणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतं. तो अनोळखी असेल तर ही नोटीस वकिलामार्फतच द्या.

अर्ज असा लिहा

आधी तारीख पाहा. कृत्य १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागू होते: पाठलाग ३५४ड, चोरून चित्रण ३५४क, विनयभंगाच्या हेतूने शब्द किंवा हावभाव ५०९. नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहिता: तीच कलमं अनुक्रमे ७८, ७७ आणि ७९. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं दोन्ही काळात तीच. चुकूनही ६६अ लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते श्रेया सिंघल प्रकरणात मार्च २०१५ मध्ये रद्द केलं आहे, तरी अर्जनवीस अजूनही ते टाइप करून देतात.

मजकुराचा फरक असा पडतो. कमकुवत अर्ज: ‘सदर इसमाने माझे फोटो व्हायरल करून माझी समाजात बदनामी केली व मला मानसिक त्रास दिला.’ कामाचा अर्ज: ‘सदर इसमासोबत माझे दोन वर्षे संबंध होते. त्या काळात व्हिडिओ कॉलवर असताना त्याने माझे कपडे बदलतानाचे चित्र माझ्या नकळत काढले. मी संबंध तोडल्यावर त्याने अमुक तारखेस रात्री १०.१२ वाजता ते चित्र अमुक युजरनेमवरून माझ्या कार्यालयातील तीन सहकाऱ्यांना पाठवले. ते प्रसारित करण्यास माझी संमती नव्हती. त्याआधी मी त्यास संपर्क न करण्याबाबत लेखी कळविले होते, तरी तो मला वारंवार मेसेज करत राहिला.’ दुसऱ्या अर्जात कलमं न लिहिताही ती आत आहेत: चोरून चित्रण, प्रसारण, पाठलाग.

फोटो तुमच्या संमतीने काढला असेल तर तेही लपवू नका. कलम ७७ च्या स्पष्टीकरणात स्वच्छ म्हटलं आहे की चित्र काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तर पसरवणं हा गुन्हा आहे. ‘मॅडम, तुम्हीच तर पाठवला होता’ हे वाक्य ठाण्यात ऐकू येतंच. त्यावर हेच उत्तर. अर्जात संमतीचं वाक्य दोन भागांत लिहा, काढण्यापुरती एक आणि पसरवण्याबद्दल दुसरं.

शेवटी मागण्या लिहा, नुसतं ‘योग्य ती कारवाई व्हावी’ नको. आरोपीचा फोन, लॅपटॉप आणि क्लाउड खातं जप्त करून न्यायवैद्यक तपासणीस पाठवावं. संबंधित कंपन्यांना नोंदी जतन करण्याची आणि माहिती देण्याची नोटीस आज पाठवावी. एफआयआर संवेदनशील मानून वेबसाइटवर टाकू नये. ही शेवटची मागणी तर न विसरता घाला, कारण खाली सांगितलं आहे.

ठाण्यात

कोणत्याही ठाण्यात जा. ‘हे सायबरचं आहे, तिकडे जा’ किंवा ‘घटना दुसऱ्या हद्दीतली आहे’ हे कारण कायद्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून वर्ग करायचा असतो. ईमेलने माहिती दिली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ मधल्या गुन्ह्यात तुमची माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. उपनिरीक्षकाने पंचनामे उरकले तर पुढे आरोपीचा वकील तोच मुद्दा काढतो, म्हणून तपास अधिकाऱ्याचं नाव आणि पद पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं म्हणाले तर? तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. परवानगी घेतली का, चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली, हे लेखी मागा. ‘हे तर लिहिलेलं आहे, तोंडाने बोललेलं नाही, मग ७९ कसं लागणार?’ असा प्रश्न आला तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२४ चा निकाल सांगा: ईमेलमधले लिखित शब्दही ५०९ खाली येतात, असं त्यात म्हटलं आहे, आणि ७९ हे त्याच कलमाचं नवं रूप.

तरी नोंदवून घेतलं नाही, तर अर्जाची एक प्रत पोस्टाने आणि ईमेलने पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात उपायुक्तांकडे पाठवा, पोच जपा, आणि मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वकिलाचा खर्च अडसर असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर बोला. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची तक्रार हा याला पर्याय नाही, जोड आहे. तिथे महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही कळवता येतं. पण निनावी तक्रारीचा माग तुम्हाला घेता येत नाही, आणि पोर्टलचा पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. बऱ्याच जणी तो क्रमांक मिळाल्यावर ‘गुन्हा दाखल झाला’ समजून वाट बघत बसतात.

फोन जमा करायला सांगतील, या भीतीने कित्येकजणी मागे फिरतात. आधी बॅकअप घ्या, मग कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह प्रत द्यायची तयारी दाखवा. तरी मूळ फोन हवाच म्हणाले तर जप्ती पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फोन चालू-बंद स्थिती लिहून घ्या, आणि फोन परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करा.

कायदा कुठे कमी पडतो

आपले कायदे ‘चित्र अश्लील आहे का’ आणि ‘खासगी अवयव दिसतो का’ हे विचारतात; ‘संमती होती का’ हा प्रश्न मोजक्याच जागी येतो. बहुतेक भोकं तिथूनच पडलेली आहेत.

मॉर्फ आणि डीपफेक घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई त्या व्यक्तीच्या खासगी अवयवाचं चित्र टिपण्याबद्दल आहे, आणि न्याय संहितेचं ७७ ती खासगी कृत्यात असताना पाहण्या-टिपण्याबद्दल. चेहरा तुमचा आणि शरीर दुसऱ्याचं किंवा यंत्राने बनवलेलं असेल तर टिपलेलं काहीच नसतं, आणि ही दोन्ही कलमं हलतात. मग अर्जात वजन द्यायचं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ (अश्लील मजकूर) आणि ६७अ (उघड लैंगिक कृत्याचा मजकूर) वर, शिवाय प्रतिष्ठेला बाधा आणण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून न्याय संहितेच्या ३३६(४) वर आणि ७९ वर. ६७अ लागलं तर फरक मोठा पडतो: पहिल्या गुन्ह्यालाच पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अजामीनपात्र. ६६क (ओळख चोरी), ६६ड (तोतयेगिरी करून फसवणूक), ६६ई, तसंच पहिल्या वेळचं ६७, ७७ आणि ७८ ही सगळी जामीनपात्र आहेत. आरोपी त्याच संध्याकाळी घरी आणि क्लाउडवरची प्रत त्याच्या हातात, म्हणून जप्तीची मागणी पहिल्याच अर्जात हवी.

धमकी देऊन आणखी फोटो मागणं, भेटायला बोलावणं हे सगळे जण ‘ब्लॅकमेल’ म्हणून सांगतात आणि खंडणीचं कलम ३०८ मागतात. त्या कलमात मालमत्ता किंवा मौल्यवान दस्तऐवज द्यायला लावणं लागतं. पैसे मागितले तर ते चपखल बसतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा. शरीरसंबंध मागितला तर बसत नाही. तिथे लैंगिक सुखाची मागणी म्हणून ७५, धमकीसाठी ३५१, आणि धमकी नाव लपवून दिली असेल तर ३५१(४) असा संच मांडा. ७५ आणि ७८ मध्ये आरोपी पुरुषच असावा लागतो. त्रास देणारी स्त्री असेल तर ती दोन वगळून ७७, ७९, ३०८, ३५१ आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांवर भर द्यावा लागतो.

नग्नता नसलेला छळ तर कायद्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. २०२१ मध्ये सुल्ली डील्स आणि जानेवारी २०२२ मध्ये बुल्ली बाई या ॲपवर मुस्लीम स्त्रियांचे साधे, कपड्यातले फोटो ‘लिलावाला’ ठेवले गेले. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई सायबर पोलिसांनी अटका केल्या, पण अशा कृत्याला नेमकं नाव देणारं कलम तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि पत्ता कोणी ‘हिच्याशी संपर्क करा’ म्हणून टाकला तरी तेच: स्वतंत्र गुन्हा नाही, मजकुराच्या स्वरूपावरून ७९, ६७, ७८ शोधावं लागतं. आणि हजार जणांनी एकेक गलिच्छ कमेंट टाकली तर पाठलागाच्या कलमातला ‘वारंवार’ हा शब्द कोणा एकालाही लागत नाही. अशा वेळी पहिली पोस्ट कोणाची आणि लोकांना चिथावणी कोणी दिली तेवढे दोन-तीन जण निवडा. शंभर नावांचा अर्ज कोणी वाचत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात कोणत्याही संपर्क माध्यमातून स्त्रीला छळण्याबद्दल वेगळं कलम होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा झालंच नाही.

ओळख लपवण्याचं संरक्षणही अपुरं आहे. पीडितेचं नाव छापण्यावर बंदी घालणारं कलम ७२ हे ६४ ते ७१ पुरतं, म्हणजे बलात्काराच्या गुन्ह्यांपुरतं आहे. ७७, ७८ आणि ७९ त्यात नाहीत. पण लैंगिक स्वरूपाचे संवेदनशील एफआयआर वेबसाइटवर टाकू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. त्यावर बोट ठेवा.

आरोपी नवरा किंवा एकत्र राहिलेला जोडीदार असेल तर एक रस्ता फौजदारीपेक्षा वेगवान आहे: कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. त्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी इलेक्ट्रॉनिक संपर्कसुद्धा करू नये असा आदेश देऊ शकतात, एकतर्फी अंतरिम आदेशही, आणि तो मोडला तर तोच गुन्हा. कधीच एकत्र न राहिलेल्या प्रियकराविरुद्ध असा आदेश मिळत नाही. तिथे दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागावा लागतो. कार्यालयातल्या सहकाऱ्याने कामाच्या ग्रुपवर असं काही केलं तर कामाच्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करा. एफआयआर आणि ही तक्रार एकाच वेळी चालू शकतात. कोणी तुमच्या फोनमध्ये किंवा खात्यात शिरून फोटो उचलले असतील तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, नुकसानभरपाईचा दावाही करता येतो. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाही.

गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो दिवस येण्याआधी, साधारण दुसऱ्या महिन्यात, एक लेखी अर्ज द्या आणि तीनच गोष्टी विचारा: कोणत्या कंपनीला कोणत्या तारखेला नोटीस गेली, उत्तर आलं का, आणि आरोपीचं उपकरण न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कधी पोहोचलं. कंपनीने ‘लिंक चुकीची’ म्हणून परत पाठवलेली नोटीस महिनोन्महिने फाइलमध्ये पडून राहते. तुमच्या वहीतली बरोबर लिंक त्याच अर्जाला जोडा.